कोणाचे अण्णा? नाव शोधताना कंपायलर कुठे चुकतो

रिबीन जवळजवळ दीड सेंटिमीटरनं तोकडी पडत होती.

माझ्याकडे दर रविवारी सकाळी पाच-सहा जण प्रोग्रॅमिंग शिकायला येतात. त्यांतल्या एकीच्या घरचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगचं काम आहे. टॉवेलची गोल गुंडाळी करायची, तिला रिबिनीचे दोन वेढे द्यायचे आणि अशा तीन गुंडाळ्यांचा एक सेट खोक्यात भरायचा. ऑर्डरप्रमाणे किती रिबीन मागवायची याच्या हिशेबासाठी तिनं हास्केल या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. गुंडाळीचा व्यास १० सेंटिमीटर. एका वेढ्याला व्यास गुणिले पाय (गणितातला π, ३.१४१५९), म्हणजे ३१.४ सेंटिमीटर. दोन वेढ्यांना ६२.८. प्रोग्रॅम सांगत होता ६१.४.

"सर, ६१.४ येलालंय. मी हातानं गणित करून बघितलं, माझं बरोबर आहे. कंपायलरच चुकतोय."

नवशिक्या माणसानं कंपायलरवर बोट ठेवलं की जुने लोक लगेच म्हणतात, चूक तुझीच असणार. मला ही सवय आवडत नाही. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम, हाही माणसांनीच लिहिलेला असतो. आणि एक जागा तर अशी आहे, जिथे ही मंडळी साठ वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा ठेचकाळत आली आहेत. एका प्रोग्रॅमनं दुसरा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात एखादं नाव वापरलं, तर ते नाव नेमकं कोणाचं? तिची अडचण बरोबर याच जागेवर होती. म्हणून आम्ही दोन रविवार दुसरं काही न करता यावरच बसलो.

आधी साध्या नावांचं बघू. सोलापुरात हे समजावणं सोपं जातं, कारण इथे एका चौकात तीन-चार भाषा कानावर पडतात. माझ्या घरी अण्णा म्हणजे आजोबा. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. कन्नड बोलणाऱ्या घरातही थोरला भाऊच. "अण्णांना विचार" हे वाक्य तिन्ही घरांत बरोबर आहे, पण तिन्ही घरांत माणूस वेगळा. तरी कोणाचा गोंधळ होत नाही. ज्या घरात वाक्य उच्चारलं, त्या घरातले अण्णा, हे न सांगता कळतं.

कंपायलर हेच करतो. कोडमध्ये एखादं नाव दिसलं की ते जिथे लिहिलंय तिथून तो बाहेर बाहेर शोधत जातो. आधी या फंक्शनच्या, म्हणजे एखादं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, आत कोणी या नावाचा आहे का, नसेल तर त्याच्या बाहेरच्या फंक्शनात, तिथेही नसेल तर फाइलमध्ये, आणि शेवटी लायब्ररीत, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार कोडमध्ये. पहिला सापडला तोच धरायचा. आत एक आणि बाहेर एक अशी एकाच नावाची दोन माणसं असली, तर आतला बाहेरच्याला झाकतो. माझ्या घरात बसून "अण्णा" अशी हाक मारली तर गल्लीतले दुसरे अण्णा वळून बघत नाहीत. नावाचा जो हा पट्टा, त्याला आम्ही स्कोप म्हणतो.

इथपर्यंत सरळ आहे. गडबड चिठ्ठीमुळे होते.

समजा पूर्व भागातल्या माझ्या मित्रानं चिठ्ठी लिहिली: "अण्णांकडून किल्ली घे आणि गोदाम उघड." चिठ्ठी माझ्या घरी पोचली आणि माझ्या पुतण्यानं ती वाचली. मित्राच्या मनात त्याचा थोरला भाऊ आहे. पुतण्या मात्र सरळ आजोबांपुढे जाऊन उभा राहील. आजोबांकडे किल्ली आहेच, कपाटाची. तो ती घेईल आणि निघेल. या सगळ्यात कोणीही अडखळलं नाही. चिठ्ठीतला प्रत्येक शब्द बरोबर, वाचणारा हुशार, किल्लीही मिळाली. चूक कळणार ती गोदामाच्या कुलपापुढे उभं राहिल्यावर.

प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम म्हणजे अशी चिठ्ठी. त्याला मेटाप्रोग्रॅमिंग म्हणतात. नाव बोजड आहे, पण कल्पना आपल्या शहराला नवी नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डवर निघते. जोसेफ मारी जाकारनं १८०४ मध्ये फ्रान्समध्ये आणलेली ही युक्ती. जाड कार्डांना भोकं पाडायची, आणि प्रत्येक कार्ड मागाला सांगतं की आत्ता कोणते उभे धागे वर उचलायचे. कार्डाला भोकं पाडणारा माणूस कापड विणत नाही, तो विणण्याच्या सूचना बनवतो. आणि कार्डावर "लाल धागा" असं कुठेही नसतं. कार्ड फक्त म्हणतं, या जागेवरचा धागा उचल. त्या जागेवर लाल आहे की हिरवा, हे ज्या मागावर कार्ड चढवलं तो माग ठरवतो. जेकार्डला हे चालतं, किंबहुना तेच हवं असतं. एकाच कार्डावर वेगवेगळ्या रंगांच्या चादरी निघतात. प्रोग्रॅममध्ये मात्र असा रंग बदलून चालत नाही.

हास्केलमध्ये या सोयीचं नाव टेम्प्लेट हास्केल. टिम शेअर्ड आणि सायमन पेटन जोन्स यांनी २००२ मध्ये ती मांडली. तिच्यात दोन मुख्य क्रिया आहेत. कोडचा एखादा तुकडा न चालवता तसाच पुडीत बांधून ठेवायचा, ही एक. आणि कंपाइल होत असताना ती पुडी हव्या त्या जागी सोडायची, ही दुसरी. अशा पुड्या बनवणाऱ्या फंक्शनला मी इथे मॅक्रो म्हणेन.

आता तिचा कोड. वेढे कधी दोन, कधी तीन, गिऱ्हाईक सांगेल तसे. म्हणून तिनं एक मॅक्रो केला. वेढ्यांची संख्या द्यायची, आणि तो "पाय + पाय" किंवा "पाय + पाय + पाय" असा कोड तयार करून देणार. गुणाकारानं हे एका ओळीत झालं असतं, पण तिला मॅक्रो शिकायचे होते आणि सुरुवातीला असंच काहीतरी करून बघायचं असतं. हास्केलमध्ये पायचं नाव पी आणि आय या दोन अक्षरांनी लिहितात. पहिला पाय तिनं पुडीतच सरळ लिहिला. पुढचे पाय लूपसारख्या फंक्शननं जोडायचे होते, म्हणून तिथे तिनं एमकेनेम नावाचं फंक्शन वापरलं. त्याला अक्षरं द्यायची, ते त्या अक्षरांचं नाव बनवून देतं. तिनं दिली पी आणि आय.

मग दुसऱ्या फाइलमध्ये तिनं मॅक्रो वापरला. तिथे, त्याच फंक्शनच्या आत, तिनं आधीच एक ओळ लिहून ठेवली होती. एका सेटमध्ये पीस किती? तीन. पीसचं लघुरूप तिनं केलं होतं पी-आय.

पुडी सुटली तेव्हा पहिला पाय राहिला ३.१४१५९. दुसरा झाला ३. बेरीज ६.१४१५९, व्यास १०, उत्तर ६१.४.

एकाच ओळीत, अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना तीच दोन अक्षरं, आणि दोघांचे अर्थ वेगळे. मी मुद्दाम तिला हे कागदावर लिहायला लावलं. पुडीत सरळ लिहिलेल्या नावाचा मालक कंपायलरनं पुडी बांधतानाच ठरवून टाकला होता: लायब्ररीतला पाय. एमकेनेमनं बनवलेल्या नावाला मालकच नव्हता. ती नुसती अक्षरं होती. पुडी जिथे सुटेल तिथे जो कोणी या नावाचा जवळ सापडेल तो त्याचा. आणि टाइप, म्हणजे गोष्ट संख्या आहे की मजकूर की आणखी काही, हे तपासणारा कंपायलर गप्प का बसला? कारण दोन्ही संख्याच आहेत. किल्लीऐवजी किल्लीच मिळाली होती. कारखान्यातही हे कोणाच्या लक्षात आलं नसतं, कारण गाठीसाठी रिबीन सढळ धरतात आणि दीड सेंटिमीटर त्यात सहज खपून जातो.

"मग हा बग कंपायलरचा नाही?"

नाही. टेम्प्लेट हास्केलच्या माहितीत एमकेनेमबद्दल हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि उदाहरणही योगायोगानं पायचंच दिलं आहे, जवळजवळ हेच. ज्याला जाणूनबुजून मोकळं नाव हवं असतं, त्याच्यासाठी ती सोय आहे. पण मी तिला हेही सांगितलं की तुझी तक्रार चुकीच्या दारात गेली असली तरी तक्रार खरी आहे. कित्येक भाषांमध्ये हाच प्रकार कंपायलरचा बग ठरला असता, आणि ठरलेला आहे.

सगळ्यात जुना दाखला लिस्पचा. लिस्प ही हास्केलसारख्या फंक्शनल भाषांची आजी. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत तिचं काम सुरू केलं. जेम्स स्लॅगल यांनी तिच्यात एक प्रोग्रॅम लिहिला, ज्यात एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनला सामान म्हणून दिलं होतं. उत्तर चुकीचं आलं. दिलेल्या फंक्शनमधलं नाव, ते फंक्शन जिथे लिहिलं त्या घरात न शोधता, जिथे चालवलं त्या घरात शोधलं गेलं होतं. मॅकार्थींनी नंतर लिहून ठेवलंय की त्यांना हा निव्वळ एक बग वाटला आणि स्टीव्ह रसेल तो लवकरच दुरुस्त करतील अशी त्यांची खात्री होती. रसेलनी तोडगा काढलाही. पण अडचण वरवरची नव्हती. नाव लिहिलेल्या घरात शोधायचं की वाचलेल्या घरात, हा त्या भाषेच्या मुळाशीच प्रश्न होता, आणि लिस्पच्या अनेक बोलींनी पुढे वर्षानुवर्षं वाचलेल्या घराचाच नियम चालवला.

फंक्शनल भाषांना हे जास्त का लागतं? कारण त्यांत फंक्शन हीच वस्तू. ते खिशात घालून नेतात, दुसऱ्याला देतात, दुसऱ्याकडून परत घेतात. प्रत्येक फंक्शन आपल्या घरची नावं सोबत घेऊन फिरतं. त्या घरची नावं वाटेत बदलली तर भाषेवरचा विश्वासच उडतो. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनांचं गणित, मांडला तेव्हापासून एक नियम पक्का आहे: आतल्या व्हेरिएबलचं नाव सगळीकडे सारखं बदललं, तर उत्तर बदलता कामा नये. घरात सगळ्यांनी मिळून अण्णांना नाना म्हणायचं ठरवलं, तर किल्ली काही वेगळी होत नाही.

हा नियम हातात धरून बसलात तर असा बग शोधायला दुसरं काही लागत नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या फाइलमधल्या पी-आयचं नाव बदल, "नग" कर, आणि पुन्हा चालव. तिनं केलं. ६१.४ चं ६२.८ झालं. एका आतल्या नावाची अक्षरं बदलली आणि आकडा बदलला. म्हणजे कोणीतरी ते नाव पळवत होतं.

मॅक्रोतली ही पळवापळवी दोन दिशांनी होते, आणि हे नीट वेगळं केलं नाही तर पुढचं काही कळत नाही. तिच्या बाबतीत मॅक्रोला हवं असलेलं नाव वापरणाऱ्याच्या फाइलनं पळवलं. उलटही होतं: वापरणाऱ्याचं नाव मॅक्रो पळवतो. समजा मी "किंवा" नावाचा मॅक्रो केला. त्याला दोन गोष्टी द्यायच्या. पहिली खरी असेल तर तीच परत, नाहीतर दुसरी. पहिली गोष्ट दोनदा मोजावी लागू नये म्हणून मी ती एका तात्पुरत्या नावात ठेवतो:

धर ट = पहिली; ट खरा असेल तर ट, नाहीतर दुसरी.

आता तुमच्या फाइलमध्येही ट आहे. टॉवेल शिल्लक आहेत का, हे त्यात ठेवलंय, आणि ते आहेत, म्हणजे ट खरा. तुम्ही लिहिता: किंवा(खोटं, ट). उत्तर खरं यायला हवं. पण मॅक्रो उलगडल्यावर होतं असं:

धर ट = खोटं; ट खरा असेल तर ट, नाहीतर ट.

तुमचा ट माझ्या ट मध्ये बुडाला. उत्तर खोटं. तुम्ही माझ्या मॅक्रोचं पोट कधी उघडून पाहिलेलं नाही, त्यामुळे आत ट आहे हे तुम्हाला कळायचं काही कारणच नाही. तुमच्या ओळीत शोधून चूक सापडणार नाही, माझ्या ओळीतही नाही. दोन्ही एकत्र आल्यावरच ती जन्माला येते.

जुने लिस्पवाले यावर कोणी कधी वापरणार नाही असं कोरं नाव यंत्राकडून बनवून घेत. त्यानं ही दुसरी दिशा बंद होते. पहिली, म्हणजे तिची, उघडीच राहते, कारण तिथे मॅक्रोला नवं नाव नको असतं, जुनंच, पण योग्य घरातलं हवं असतं. दोन्ही दिशा एकदम बंद करायची रीत १९८६ मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन आणि दुबा या चौघांनी लिस्पच्या स्कीम नावाच्या बोलीसाठी मांडली. तिला त्यांनी हायजीन म्हटलं. स्वच्छता. मला हा शब्द अगदी योग्य वाटतो: मॅक्रोच्या हाताची घाण वापरणाऱ्याच्या कोडला लागू नये, आणि उलटही नको.

त्यानंतर तीस वर्षं या रीतीवर डागडुजी चालू राहिली. मॅक्रोतून मॅक्रो जन्माला यायला लागले, मॅक्रो फंक्शनच्या आत नव्या व्याख्या पेरायला लागले, आणि नावं बदलत नेण्याची जुनी पद्धत गुंतागुंतीची होत गेली. २०१६ मध्ये मॅथ्यू फ्लॅट यांनी रॅकेट या भाषेसाठी वेगळीच मांडणी दिली. ती मला आजवरची सगळ्यात समजण्यासारखी वाटते, म्हणून थोडी सावकाश सांगतो.

चिठ्ठीतल्या प्रत्येक शब्दावर शिक्के मारत जायचं. शब्द ज्या फाइलमध्ये आहे तिचा शिक्का. ज्या "धर" च्या पोटात आहे त्याचा शिक्का. आणि मॅक्रोनं स्वतःच्या खिशातून जो शब्द घातला असेल, त्यावर मॅक्रोच्या त्या एका फेरीचा वेगळा शिक्का. आता एखादं नाव कोणाचं हे ठरवताना त्या अक्षरांच्या सगळ्या मालकांना रांगेत उभं करायचं. ज्या मालकाचे सगळे शिक्के त्या नावावरही आहेत, तोच पात्र. पात्र असलेल्यांमध्ये ज्याचे शिक्के सर्वांत जास्त, तो मालक. असा एकच नक्की ठरत नसेल, तर अंदाज न लावता कंपायलरनं थांबायचं आणि संदिग्ध आहे म्हणून सांगायचं.

वरच्या उदाहरणात तुम्ही किंवा(खोटं, ट) मध्ये दिलेल्या ट वर दोन शिक्के: फाइल आणि धर. माझ्या मॅक्रोतल्या ट वर तीन: फाइल, धर आणि मॅक्रो. तुमचा ट मालक शोधायला निघाला. माझा ट पात्र नाही, कारण त्याच्यावर मॅक्रोचा शिक्का आहे आणि तुमच्यावर नाही. तुमच्या फाइलमधल्या मूळ ट वर फक्त फाइलचा शिक्का, तो पात्र. उत्तर खरं. कुठेही नाव बदलावं लागलं नाही, नाव लपवावं लागलं नाही. चिठ्ठीवर पूर्व भागाचा शिक्का असता तर माझा पुतण्या आजोबांकडे गेलाच नसता.

दुसऱ्या रविवारी ती नवीन प्रश्न घेऊन आली. या वेळी तिनं न्यूनेम वापरलं होतं. तेही अक्षरं घेतं, पण दर वेळी कोरं करकरीत नाव देतं. दोनदा "एक्स" मागितलं तर दोन वेगळे एक्स मिळतात, जसे दोन पावत्यांवर वेगळे क्रमांक. माहितीत लिहिलंय की असं नाव कोणी पळवू शकत नाही. तिनं बाहेरच्या फंक्शनला एमकेनेमचा एक्स दिला, आतल्याला न्यूनेमचा, आणि सगळ्यात आत बाहेरचा एक्स वापरला. मिळाला आतला.

कोऱ्या नावाला कोणी पळवू शकत नाही, पण ते दुसऱ्याला पळवू शकतं. हे वाचून मीही पहिल्यांदा थबकलो होतो. तेही माहितीत लिहिलेलं आहे, म्हणजे कागदोपत्री बग नाही. पण मला ते खटकतं, आणि का होतं ते समजून घ्यायला कंपायलरच्या आत डोकवावं लागतं.

हास्केलच्या मुख्य कंपायलरच्या, ग्लासगो हास्केल कंपायलरच्या, मूळ कोडमध्ये याच विषयावर एक लांब टीप आहे. तिच्यातलं उदाहरण तीन एक्सचं. तिघेही न्यूनेमनं बनवलेले, दोन बाहेर, एक आत. कंपायलरला एकाच वेळी बरंच सांभाळायचं आहे. बाहेरचे दोघे एकाच पॅटर्नमध्ये, म्हणजे फंक्शनला मिळणाऱ्या सामानाच्या एकाच मांडणीत, आले तरी "एक्स दोनदा लिहिलाय" अशी तक्रार करायची नाही, कारण ते वेगळे आहेत. आतल्यानं बाहेरच्यांना झाकायचं नाही, त्याच कारणानं. पण एमकेनेमनं बनवलेला बेवारशी एक्स आला, तर त्यानं सगळ्यात आतल्या एक्सला चिकटायचं. आणि स्क्रीनवर छापताना तिघांना क्रमांक लावायचे, नाहीतर वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतील. म्हणजे एकच नाव एका कामासाठी अक्षरं आणि क्रमांक असं बघायचं, आणि दुसऱ्या कामासाठी फक्त अक्षरं.

नाव सोडवणाऱ्या कोडमधले खरे बग इथेच राहतात. कंपायलरमध्ये नावांची तुलना पन्नास जागी होते. दोनदा व्याख्या झाली का, झाकलं गेलं का, कोणी वापरलंच नाही का, बाहेर कोणतं पाठवायचं. त्यातल्या एका जागी जरी क्रमांक सोडून नुसती अक्षरं ताडली, किंवा उलट केलं, तरी कुठेतरी एखाद्या बरोबर प्रोग्रॅमला खोटी एरर येते. किंवा त्याहून वाईट, येत नाही. आणि हे क्रमांक कंपायलरच्या एका फेरीपुरतेच असतात. एक मॉड्यूल, म्हणजे कोडची एक फाइल, कंपाइल करून त्याची माहिती डिस्कवर लिहिली, उद्या दुसऱ्या मॉड्यूलसाठी ती वाचली, तर उद्याच्या फेरीतही तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळालेला असू शकतो. दुकानाचं नाव नसलेली पावती घेऊन दुसऱ्या दुकानात जाण्यासारखं. म्हणून क्रमांकासोबत मॉड्यूलचं नावही जपावं लागतं. लीन या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत तर मॅक्रोनं घातलेल्या नावाच्या पोटातच मॉड्यूल आणि क्रमांक दोन्ही शिवून ठेवतात, आणि माणसाला दाखवताना तो सगळा पसारा लपवून नावापुढे फक्त खंजिरासारखी खूण ठेवतात: हे नाव तुमचं नाही, हात लावू नका.

याच कारणानं, उलगडलेला कोड छापून बघायची जी सोय असते तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. छापलं की नाव पुन्हा नुसती अक्षरं होतं. तो छापलेला कोड फाइलमध्ये चिकटवला तर पुष्कळदा कंपाइलही होत नाही.

टेम्प्लेट हास्केलचं आणखी एक वळण तिला याच आठवड्यात आडवं आलं होतं. हास्केलमध्ये एरवी व्याख्या कुठल्याही क्रमानं लिहा, चालतं. पण फाइलच्या मधोमध नव्या व्याख्या पेरणारी पुडी सोडली, की तिथे फाइलचे दोन भाग पडतात, आणि वरच्या भागाला खालची नावं दिसेनाशी होतात. पुडीतून काय निघणार हे पुडी सोडल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय खालच्या नावांचे मालक ठरवता येत नाहीत. त्यामुळे "हे नाव स्कोपमध्ये नाही" अशी एरर आली आणि नाव तर खाली डोळ्यांना दिसतंय, अशी वेळ आली तर आधी मधली पुडी शोधा.

तिचा मूळ कोड दुरुस्त करायला एक चिन्ह पुरलं. एमकेनेमला अक्षरं देण्याऐवजी पी-आयच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. मग कंपायलर मॅक्रो जिथे लिहिलाय तिथे बघून मालक ठरवतो आणि तो मालक नावासोबत पाठवतो. सगळे इशारे चालू ठेवले असते तर, तुझा पी-आय लायब्ररीच्या पी-आयला झाकतोय, एवढं तरी कंपायलरनं आधीच सांगितलं असतं. ते इशारे तिनं आता चालू केलेत.

दुरुस्तीनंतर तिनं "नग" चं नाव मुद्दाम पुन्हा पी-आय केलं आणि चालवलं. ६२.८३१८५३०७१७९५८६. मग तीनचे तीनशे केले. आकडा हलला नाही. ती फाइल तिनं तशीच, तीनशेसकट, टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली आणि तीन वेढ्यांच्या ऑर्डरचा हिशेब करायला घेतला.